टाकीच्या तळाचा थेंब

उड्डाणापूर्वी वैमानिक पंखाखाली वाकतो, टाकीच्या तळाची झडप दाबतो आणि पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरतो. तळाशी गोल थेंब डळमळताना दिसला, तर ते पाणी! पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं हवेतल्या वाफेचे थेंब होतात, त्यांचंच हे पाणी. ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचलं, तर इंजिन बंद पडू शकतं.

दोन आसनांच्या हलक्या विमानांत 'रोटॅक्स ९१२' हे इंजिन सर्रास दिसतं. इंधन टाकीतून कॉक, गाळणी आणि पंप असा प्रवास करून त्याच्यापर्यंत पोचतं. टाकीला श्वास घेण्यासाठी बारीक नळी असते. तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं, तर टाकीत निर्वात पोकळी होऊन इंधनच अडतं.

रबरी नळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी आतून चिरतात. म्हणून रोटॅक्स कंपनी त्या दर ५ वर्षांनी बदलायला सांगते. या इंजिनाला पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नाही.

आकाशात गाडी कडेला घेता येत नाही. म्हणून तो पेला रोज, न चुकता भरायचा.