निवृत्त सेनाधिकारी आणि पक्षीय राजकारण

भारतीय सैनिकाला मतदानाचा हक्क आहे. सेवेत असताना तो टपालानेही मत देऊ शकतो. परंतु राजकीय पक्षाचे सदस्य होणे, पक्षाच्या प्रचारात भाग घेणे किंवा वृत्तपत्रांतून राजकीय मते मांडणे त्याला वर्ज्य आहे. सेनादलांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिला असून, १९५० च्या सेना अधिनियमाचे २१ वे कलम याच अधिकारातून आले आहे. निवृत्तीबरोबर ही बंधने संपतात. गणवेश उतरविलेला अधिकारी दुसऱ्याच दिवशी एखाद्या पक्षात दाखल झाला, तर त्याला अडविणारा कायदा नाही. जे कायद्याला मान्य आहे ते इष्टही आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

निवृत्त अधिकाऱ्यांचा राजकारणातील प्रवेश ही नवी गोष्ट नव्हे. तरुणपणीच सैन्य सोडलेले मेजर जसवंत सिंह पुढे परराष्ट्र, संरक्षण व अर्थ ही खाती सांभाळणारे मंत्री झाले. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा अकाली दलाच्या वतीने १९८६ मध्ये राज्यसभेवर गेले. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी उत्तराखंडचे, तर कॅप्टन अमरिंदर सिंग पंजाबचे मुख्यमंत्री झाले. अशा व्यक्तींमुळे संसदेला व मंत्रिमंडळाला संरक्षणविषयक प्रत्यक्ष अनुभवाचा लाभ होतो, हे नाकारता येणार नाही. शिवाय बहुसंख्य जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात. त्यांना उर्वरित आयुष्य सार्वजनिक जीवनापासून दूर ठेवणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, मेजर आणि सेनाप्रमुख यांची गणना एकाच पंक्तीत करता येत नाही. सेनाप्रमुख सरकारला जो सल्ला देतो, तो सत्ताधारी पक्षाला रुचो वा न रुचो, निर्भीड असावा अशी अपेक्षा असते. निवृत्तीनंतर उमेदवारी मिळण्याची शक्यता समोर दिसू लागली, की त्या सल्ल्याविषयी शंका घेण्यास जागा होते. शंका निराधार असली तरी ती हानी करतेच. २०१२ मध्ये निवृत्त झालेले लष्करप्रमुख जनरल वि. कु. सिंह २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षात प्रवेश करून गाझियाबादमधून लोकसभेवर निवडून आले. जनरल जे. जे. सिंग यांनी २०१७ मध्ये पतियाळा येथून अकाली दलातर्फे निवडणूक लढविली व ते पराभूत झाले. हवाईदलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. यांपैकी कोणीही कायद्याचा भंग केला नाही. प्रश्न व्यक्तींच्या सचोटीचा नसून पायंड्याचा आहे.

दुसरी अडचण हुद्द्याची. ‘जनरल’ ही उपाधी निवृत्तीनंतरही नावापुढे राहते आणि तिच्यामागे सबंध सैन्याची प्रतिष्ठा उभी असते. ती कोणत्याही एका पक्षाची मिळकत नव्हे. २०१९ च्या निवडणुकीपूर्वी सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने पक्षांना दिली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सैन्याच्या राजकीय वापराविरुद्ध राष्ट्रपतींना उद्देशून लिहिलेले, दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांचे पत्र प्रसिद्ध झाले. मात्र यादीतील काही माजी प्रमुखांनी आपली संमती नसल्याचे सांगितले. राजकारणापासून सैन्याला दूर ठेवण्याचे आवाहनच अशा रीतीने राजकीय वादात सापडले.

निवृत्ती हा सेवेचा अंतिम टप्पा असतो, हेही आता सर्वस्वी खरे राहिलेले नाही. २०२२ मध्ये नियम बदलून बासष्ट वर्षांखालील निवृत्त वरिष्ठ अधिकारीही संरक्षणदलप्रमुखपदास पात्र ठरविण्यात आले आणि त्याच वर्षी निवृत्त लेफ्टनंट जनरल अनिल चौहान यांची त्या पदावर नेमणूक झाली. ज्याला पुन्हा तिन्ही दलांच्या शिरोभागी बोलावले जाऊ शकते, त्याने मधल्या काळात पक्षीय भूमिका घेतली असेल, तर तिचा विचार नेमणुकीच्या वेळी होणार नाही असे कसे म्हणावे?

यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे सक्तीचा मध्यंतर. निवृत्तीनंतर वर्षभर खाजगी व्यापारी नोकरी पत्करण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्यांना सरकारची अनुमती घ्यावी लागते. पक्षाच्या उमेदवारीला मात्र असे बंधन नाही. सनदी अधिकाऱ्यांसाठी असा मध्यंतर असावा, ही निवडणूक आयोगाची २०१२ मधील सूचना सरकारने स्वीकारली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय विधिमंडळाच्या अखत्यारीतील असल्याचे सांगितले. तेव्हा निर्णय संसदेचा आहे. पद जितके उच्च, तितका मध्यंतर दीर्घ, हे तत्त्व स्वीकारले तर जवानाचा वा कॅप्टनचा नागरी हक्क अबाधित राहील आणि सर्वोच्च पदांवरील सल्ल्याविषयीचा संशयही कमी होईल. कायदा होईपर्यंत हा संयम ज्याच्या त्याच्या विवेकावरच अवलंबून राहणार आहे. सरकार कोणत्याही पक्षाचे येवो, सैन्य आपलेच आहे असे प्रत्येक नागरिकाला वाटत आले आहे. हा विश्वास टिकविण्यासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागले, तर ते मोल फार नव्हे.