जुन्या काचा: हवी ती वस्तू चटकन सापडावी म्हणून

वसईच्या जुन्या घरांत माळ्यावर कंदिलाच्या काचा, गोटीच्या सोडाबाटल्या अजून सापडतात. गटाने त्या जमवल्या, पण एकाच फळीवर दाटीने मांडल्या, तर बघायला येणारीला काहीच सापडत नाही. मग हळूहळू सगळे भंगारात जाते.

म्हणून आपण आधी कामाप्रमाणे तीन फळ्या करू: उजेडाची काच, पिण्याची काच, साठवणीची काच. येणारी बाई सन विचारत नाही, ‘कंदील कुठे?’ असे विचारते. मग प्रत्येक फळीवर कारखान्याप्रमाणे लावू. काचेवर बोट फिरवले की बऱ्याचदा उठावाची अक्षरे लागतात. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कराडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ चा. ‘प्रभाकर’ कंदील ओगल्यांचाच. नाव नसेल त्या वस्तूंना वेगळा कप्पा.

प्रत्येक वस्तूला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधू. तोच क्रमांक वहीत. एखादी बाटली दोन फळ्यांवर शोभत असेल, तर ठेवायची एकाच जागी, वहीत मात्र दोन्हीकडे लिहायची.

वस्तू कोणाच्या घरची, कशाला वापरत, हे आजीला विचारून आजच लिहू. कारखान्याचे नाव काचेवर मिळेल. घरची हकीकत आजीकडेच आहे.