क्रूस पूर्वेला गेला तेव्हा

इसवी सन ५९७मध्ये ऑगस्टीन नावाचा साधू पोपच्या आज्ञेवरून इंग्लंडच्या केंट भागात उतरला आणि तिथल्या राजाला त्याने ख्रिस्ती केलं. त्यानंतर अवघ्या अडतीस वर्षांनी, ६३५ साली, अलोपेन नावाचा दुसरा साधू चीनच्या तांग राजधानीत, चांगआनमध्ये दाखल झाला. सम्राट ताइझोंगने त्याचं स्वागत करवलं, त्याने आणलेल्या पोथ्या चिनी भाषेत उतरवून घेतल्या आणि तीन वर्षांनी या धर्माच्या प्रसाराला मोकळीक दिली. ज्याच्यामुळे आपल्याकडे ख्रिस्ती धर्माला ‘साहेबाचा धर्म’ म्हटलं गेलं, त्या साहेबाच्या पूर्वजांना आणि चिन्यांना हा धर्म एकाच पिढीत भेटला! नॉर्वेत तेव्हा थॉर देवाची पूजा चालू होती, आणि लिथुआनियाने बाप्तिस्मा घेतला तो थेट १३८७ साली.

नकाशा समोर ठेवला की याचं नवल थोडं ओसरतं. येशू आशियातला. गालीलमधल्या नासरेथ गावात तो वाढला, अरामी बोलला, आणि इसवी सन ३०च्या सुमारास रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने त्याला क्रुसावर खिळलं गेलं. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही. तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, देवच माणूस होऊन आला आणि माणसांचं पाप त्याने स्वतःवर घेतलं, ही शिष्यांची श्रद्धा. त्याच श्रद्धेवर पुढची सगळी इमारत उभी राहिली. पाण्याचा बाप्तिस्मा, भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन आणि चार शुभवर्तमानं घेऊन त्याचे अनुयायी बाहेर पडले. त्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळालं अंत्युखिया शहरात. आज ते तुर्कस्तानात आहे.

तिथून पश्चिमेला गेलेली वाट शाळेच्या पुस्तकांत असते: पौल, रोम, सम्राट कॉन्स्टंटाइन, पोप, ल्यूथर. दुसऱ्या वाटांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आर्मेनियाच्या राजाने, तिथल्या परंपरेनुसार ३०१ साली, हा धर्म राज्यधर्म केला, तेव्हा रोमचा सम्राट अजून ख्रिस्ती झालेला नव्हता. इथिओपियातल्या अक्सूमच्या एझाना राजाची चौथ्या शतकातली नाणी पाहावीत. आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब, नंतरच्यांवर क्रूस. राजाने धर्म बदलला हे नाण्यांवरच दिसतं. त्याच देशात लालिबेलाला एकसंध खडकात कोरलेली अकरा चर्चेस आहेत. काही तर वरून खाली खोदत नेलेली, अगदी वेरूळच्या कैलासासारखी. फक्त तिथे आजही घंटा वाजते आणि मिस्सा होते.

पण सगळ्यात लांब पोचली ती इराणातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च. तिचं दैवत येशू, पण तिचा राजा अग्निपूजक सासानी. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं तसं इराणी दरबाराला हे लोक शत्रूचे हस्तक वाटू लागले आणि छळ सुरू झाला. पाचव्या शतकात या मंडळीने पश्चिमेशी नातं तोडलं. त्यामागे येशूचं देवपण आणि माणूसपण कसं जुळतं हा वाद होता, तसं राजकारणही होतं. माझ्या मते राजकारण जास्त. मग तिचे साधू आणि व्यापारी उलट दिशेला निघाले. काही रेशीममार्गाने गेले, काही समुद्राने. सहाव्या शतकातला कॉस्मस हा ग्रीक लेखक सांगतो की मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कल्याना’ इथे इराणातून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासक हे कल्याना म्हणजे आपलं कल्याण मानतात. तसं असेल, तर लोकल गाड्यांच्या या जंक्शनात पोर्तुगीज येण्याच्या हजारभर वर्षं आधी सिरियाक या मंडळीच्या धर्मभाषेत प्रार्थना चालत होती.

रेशीममार्गाने गेलेल्यांपैकीच एक अलोपेन. तो पोचला त्या चांगआनचं आजचं नाव शिआन. अलोपेनची हकिगत आपल्याला कळते ती तिथल्या एका शिलालेखावरून. ७८१ साली उभारलेली ही काळ्या चुनखडीची शिळा जवळपास तीन मीटर उंच आहे. माथ्यावर क्रूस कोरलाय आणि तो क्रूस कमळावर उभा आहे! मजकूर चिनी, धर्मगुरूंची नावं सिरियाकमध्ये. लिहिणारा जिंगजिंग ऊर्फ आदाम. त्याने प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूबरोबर बसून एका बौद्ध सूत्राचंही भाषांतर केलं होतं. पुढे ८४५मध्ये परक्या धर्मांवर सम्राटाची खप्पामर्जी झाली. नंतर ही शिळा मातीखाली गेली आणि सतराव्या शतकात पुन्हा सापडली.

मंगोल काळात ही पूर्वेची मंडळी परत डोकं वर काढते, आणि इथे तर गोष्ट कादंबरीला मागे टाकते. बीजिंगजवळचे दोन साधू, रब्बान सौमा आणि त्याचा शिष्य मार्कोस, यरुशलेमच्या यात्रेला निघाले. यरुशलेम राहिलं बाजूला. १२८१ साली मार्कोसच पूर्वेच्या मंडळीचा सर्वोच्च धर्मगुरू निवडला गेला. आपल्याला सिरियाक येत नाही, ही त्याची तक्रार कुणी मनावर घेतली नाही. मंगोल राज्यकर्त्यांशी बोलू शकणारा माणूस हवा होता. सौमाला इराणच्या मंगोल इलखानाने १२८७मध्ये वकील म्हणून युरोपात धाडलं. रोममध्ये कार्डिनल लोक त्याच्या श्रद्धेची उलटतपासणी करू लागले, तेव्हा तो म्हणाला की मी वाद घालायला आलेलो नाही. पॅरिसमध्ये तो फ्रान्सच्या राजाला भेटला. गॅस्कनीत त्याने मिस्सा अर्पण केली आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने चीनहून आलेल्या या साधूच्या हातून प्रभुभोजन घेतलं.

आज जगात सुमारे २३० कोटी ख्रिस्ती आहेत आणि त्यांतले पावभागही युरोपात राहत नाहीत. सौमाचं प्रवासवर्णन सिरियाकमध्ये टिकलं आणि वॉलिस बज यांनी १९२८ साली ते इंग्रजीत आणलं. मार्को पोलो वाचून झाला असेल, तर उलट दिशेने आलेला हा माणूसही वाचा.