उभी राहिली की तापणारी गाडी

किनवटहून माहूरकडे निघालेल्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा बंद पडलेला असला, तरी सुमारे ५० किलोमीटरच्या त्या वाटेवर चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असते, समोरच्या जाळीतून वारा आपसूक आत घुसतो आणि तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहतो. मग माहूर येतं, रेणुकामातेच्या गडाचा चढ सुरू होतो, पुढे एसटी, मागे जीपगाड्या, आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरात. काही मिनिटांतच काटा लाल रेघेकडे सरकतो आणि वर पोचेपर्यंत बॉनेटखालून वाफ येऊ लागते. दोष चढाला दिला जातो, नाहीतर उन्हाला. पंखा मात्र कदाचित महिन्याभरापूर्वीच थांबलेला असतो.

आपल्या भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि नांदेडची मोठी सर्व्हिस सेंटरं शंभराहून अधिक किलोमीटर दूर. त्यामुळे गाडी गरम होण्याचा दोष किनवट, इस्लापूर, मांडवीसारख्या गावांतल्या गॅरेजांतच शोधला जातो. तो तिथे उत्तम शोधता येतो असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो क्रम. मोटर बदलून बघू, सेन्सर बदलून बघू, अशा बघण्यात गाडीवाल्याचे पैसे जातात आणि खराबी तिथंच राहते.

आधी पंख्याचं काम नेमकं काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. तितकीच धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली उष्णता कुलंटला वाहून न्यावी लागते. पाण्याचा पंप कुलंट फिरवत ठेवतो. ते साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की थर्मोस्टॅट वॉल्व्ह उघडतो आणि कुलंट रेडिएटरच्या नळ्यांत येतं. तिथे वारा लागला तरच ते निवतं. गाडी पळते तेव्हा वारा फुकट मिळतो, उभी राहिली की तो पंख्याने ओढून आणावा लागतो. म्हणून कुलंट साधारण ९५ अंशांच्या आसपास पोचलं की पंखा सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरलं की बंद पडतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. रेडिएटरचं झाकण घट्ट असेल तर आतला दाब वातावरणाहून सुमारे एक बार जास्त असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभरला उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलतही जाते.

रेडिएटरमागे पंखा लावायची युक्ती जुनी आहे. १९०० च्या अखेरीस डाइमलर कंपनीत विल्हेल्म मायबाखने तयार केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि कमी वेगात हवा ओढायला मागे पंखा होता. गाडी उभी राहिली की तापते, हा प्रश्न तेव्हाच समोर आला होता.

पुढे कित्येक दशकं पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरला. आपल्याकडच्या जुन्या काळ्या-पिवळ्या जीप आणि ट्रॅक्टर यांत तेच. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे त्याच्या पुलीचं तोंड बाजूला आणि रेडिएटर समोर. पट्ट्याने पंखा फिरवणं अडचणीचं, म्हणून विजेची मोटर आली. आज जवळजवळ सगळ्या लहान गाड्या अशाच आहेत. तेव्हापासून पंखा हुकमाचा ताबेदार झाला. सेन्सर तापमान सांगतो, इंजिनाचा संगणक ठरवतो, रिले ओढली जाते, फ्यूजमधून करंट निघतो, मोटरीत शिरतो आणि अर्थच्या तारेने परत जातो. यातला एक दुवा तुटला तरी पाती हलत नाहीत. दिसतात फक्त पाती, म्हणून संशय पहिला मोटरीवर जातो.

चांगला मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "भाऊ, गाडी गरम कधी होते? उभी असताना का पळताना?" या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. उभ्या गाडीत किंवा गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, तर पंख्याकडे बघा. पळताना, विशेषतः भरल्या गाडीने वेग धरल्यावर तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष आहे; तिथे चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप किंवा कमी झालेलं कुलंट शोधावं. दुसरी खूण एसीची. उभ्या गाडीत एसी कोमट वारा देतो आणि गाडी पळू लागली की गार, तर एसीच्या कंडेन्सरलाही वारा मिळत नाहीये. बऱ्याच गाड्यांत तोच पंखा दोघांचं काम करतो.

काट्यावर मात्र फार विसंबू नये. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, थंडपणाचा निळा आणि धोक्याचा लाल एवढे दोन दिवे असतात. काहींत फक्त लाल. काटा असलेल्या काही गाड्यांतही तो मोठ्या टप्प्यात मधोमध धरून ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की खर्च पंख्याच्या कित्येक पट होतो.

तपासणीची सुरुवात थंड इंजिनावर करावी आणि ती कुलंटपासून. हे सांगायचं कारण आहे. कुलंट खूप कमी झालं तर सेन्सरचं टोक पाण्याबाहेर, वाफेत किंवा हवेत राहतं. इंजिन उकळत असतं आणि सेन्सर मात्र तापमान कमी सांगतो. मग पंखा सुरूच होत नाही. अशा गाडीत मोटर बदलली जाते, नवी मोटरही फिरत नाही आणि सगळे चक्रावतात. पातळी बघण्यासाठी गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं कुलंट झाकण सैल होताच उसळून तोंडावर आणि हातावर येतं.

पातळी ठीक असेल तर इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर लगेच किंवा थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. फिरला, पण इंजिन तापल्यावर आपण होऊन फिरत नाही, तर मोटर आणि तिच्यापर्यंतची तार बहुधा शाबूत आहेत. दोष तापमान सांगणाऱ्या बाजूला आहे. मात्र ज्या गाड्यांत दोन पंखे आहेत, त्यांत कोणता फिरतोय ते नीट बघावं.

एसीवरही फिरला नाही, तर चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून पाती हाताने फिरवून बघा. चावी बंद असतानाही काही गाड्यांत गरम इंजिनाचा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून तार सोडवणं गरजेचं. पाती मोकळी फिरली पाहिजेत. कडक वाटली, खरखर आली किंवा बाजूला डुलली, तर बुश गेलं आहे. आपल्याकडे याचं एक कारण पावसाळ्यात दडलेलं असतं. पैनगंगेच्या खोऱ्यातले ओढे आणि फरशी पूल ओलांडताना गढूळ पाणी मोटरीपर्यंत पोचतं. त्या दिवशी काही होत नाही. बुशात राहिलेला गाळ आणि गंज पुढच्या उन्हाळ्यात मोटर जाम करतो. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेलेली गाडी एप्रिलमध्ये गॅरेजला येते ती यामुळे, आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही.

त्यानंतर फ्यूज. तो जळालेला दिसला तर त्याच आकड्याचा नवा घाला, मोठा कधीही नाही. लहान गाडीची मोटर १२० वॉटची धरली तर ती १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढते. मोठ्या गाड्यांत हा आकडा २० च्या पुढे जातो. जाम झालेली मोटर त्याच्या कितीतरी पट करंट मागते आणि फ्यूज स्वतः जळून तार वाचवतो. नवा फ्यूज लगेच उडाला, तर खराबी पुढे आहे हे त्याने सांगितलं. तिथे जाड तार वळून घालणं म्हणजे वायरिंग पेटायला वाट करून देणं.

रिले तपासायला सर्वांत सोपा उपाय अदलाबदलीचा. फ्यूजच्या डब्यात त्याच नंबरची आणि त्याच पायांची दुसरी रिले बहुधा असते, हॉर्नची किंवा दिव्याची. ती लावून बघा. रिलेचा 'टक' आवाज आला म्हणून ती चांगली, असं धरू नये. आतली कॉइल ओढली जाते, पण करंट वाहणारे कॉन्टॅक्ट जळून काळे पडलेले असतात, असं फार वेळा घडतं. कॉन्टॅक्ट चिकटून बसले तर उलटी तक्रार येते. पंखा थांबतच नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते.

आता मोटरीचा प्लग. इथे मला जुन्या वायरमन मंडळींची एक रीत मनापासून आवडते. मल्टिमीटर लावला की तो १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, सप्लाय येतोय, मोटरच मेली. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. तारेतला एकच बारीक धागा शिल्लक असला किंवा कॉन्टॅक्ट गंजलेला असला, तरी मीटर १२ दाखवेल. मोटरीने १० अँपिअर मागितले की तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून वायरमन मोटरीच्या जागी हेडलाइटचा जुना ५५-६० वॉटचा बल्ब जोडतो. बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही बऱ्यापैकी ठीक. मिणमिणला तर तार, प्लग किंवा अर्थ शोधा. अर्थसाठी पंखा चालू असताना मीटरचं एक टोक मोटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची जोडणी घासून पुन्हा घट्ट करायला हवी. बल्ब लख्ख पेटतो आणि मोटर गप्प, तेव्हाच मोटर दोषी. बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन तारांनी तिला थेट करंट देऊन खात्री करून घ्या. थोडा ठोका दिल्यावर फिरू लागली तर मोटरीतले कार्बन ब्रश संपलेत. ज्या मोटरी उघडता येतात, त्यांचे कार्बन आणि बुश बदलून देणारे कारागीर तालुक्याच्या गावात अजून आहेत, आणि नीट केलेलं ते काम टिकतं.

मोटरीपर्यंत करंट पोचतच नसेल आणि फ्यूज, रिले चांगले असतील, तर सेन्सर. जुन्या गाड्यांत रेडिएटरलाच दोन तारांचा थर्मोस्विच असतो. तो सोडवून दोन्ही तारा जोडल्या की पंखा फिरला पाहिजे. फिरला तर स्विच खराब. नव्या गाड्यांत सेन्सर संगणकाशी बोलतो. त्याचा प्लग काढला की बऱ्याच गाड्यांत संगणक सावधगिरी म्हणून पंखा लावून देतो आणि डॅशवर इंजिनाचा दिवा पेटतो. एवढ्याने रिले, फ्यूज, मोटर सगळे चांगले आहेत हे कळतं. सेन्सरचा अवरोध मीटरवर मोजता येतो. नेहमीच्या जातीचा सेन्सर २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. गरम केल्यावर आकडा उतरत नसेल तर तो बाद. २०१३ नंतरच्या गाड्यांना स्कॅनर जोडता येतो आणि त्यावर कुलंटचं तापमान थेट वाचता येतं. पी०४८० हा कोड पंख्याच्या सर्किटचा. पण कोड सर्किटचं नाव सांगतो. त्यातला कोणता भाग गेला हे बल्ब घेऊनच शोधावं लागतं.

जीप आणि बोलेरोसारख्या ज्या गाड्यांत पट्ट्यावरचा व्हिस्कस पंखा आहे, तिथे पद्धत वेगळी. गरम इंजिन बंद करून पाती फिरवावी. अडखळत, जड फिरली तर ठीक. सुटी गरगर फिरली किंवा मधल्या चकतीवर तेलकट धूळ साचली असेल, तर आतलं सिलिकॉन तेल गळून गेलं आहे. चालू इंजिनावर मात्र हात लांबच हवा.

पंखा जोरात फिरतोय आणि गाडी तरीही उभी असताना तापते, असंही होतं. आपल्या कापसाच्या पट्ट्यात हे विशेष. जिनिंगच्या आवारात आणि वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि रस्त्याची धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत नमद्यासारखी बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि हलक्या दाबाने, नाहीतर रेडिएटरचे नाजूक पंख वाकतात. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण फुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा आजूबाजूची हवाच घुसळत राहतो.

आता डायरेक्ट करण्याबद्दल. गाडी तापते म्हणून पंख्याची तार थेट चावीला जोडतात आणि बऱ्याचदा थर्मोस्टॅटही काढून फेकतात. काम अर्ध्या तासात होतं, गाडीवाला खूश होतो. लग्नाची वऱ्हाडाची गाडी वाटेत अडली असेल तर घरी पोचण्यापुरतं पंखा डायरेक्ट करणं मला मान्य आहे, तेही फ्यूज लावून. कायमचं केलं तर मोटर दिवसभर फिरून लवकर झिजते आणि तिचं बंद पडणं कळायला मार्ग उरत नाही. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन थंडीत तापायला फार वेळ घेतं, थंड आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. खराब थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसवणं यापेक्षा स्वस्त पडतं.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. आत उकडेल, पण त्याचा छोटा रेडिएटर थोडी उष्णता काढून घेतो. पुढचा रस्ता मोकळा असेल तर हलक्या पायाने चालत राहिल्यावर वारा मिळतो. लाल दिवा लागला, वाफ दिसली, तर बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड तडकू शकतं.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना वेळ द्या. नवी मोटर जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तर पंखा उलटा फिरतो आणि येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलतो. जाळीपुढे कागद धरला तर तो आत ओढला जायला हवा. मग एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू राहू द्या. काही वेळाने पंखा लागला, एवढ्यावर गॅरेज सोडू नका. तो दोन-तीन मिनिटांत बंद पडला पाहिजे, पुन्हा लागला पाहिजे आणि पुन्हा बंद पडला पाहिजे.