लिंबाची पारख सालीच्या रंगावर नको

हिरवे असेल तर लाइम आणि पिवळे असेल तर लेमन, ही वाटणी विलायती पाककृतींबरोबर आपल्याकडे आली आणि टिकली. खरे तर ती आपल्याच बाजारात खोटी ठरते. आपले कागदी लिंबू म्हणजेच लाइम. ते झाडावर पिकू दिले की पिवळेधमक होते आणि गळून पडते. सालीतले हरितद्रव्य ओसरायला पिकण्याइतकीच रात्रीच्या गारव्याचीही मदत लागते. म्हणून आंबिया बहाराची सुरुवातीची संत्री आतून गोड असली तरी वरून बरेचदा हिरवी दिसतात. आकाराचेही तेच. पाणी कमी पडले किंवा झाडावर फळे लगडली की फळ बारीक राहते, आणि मोठ्या जातीचे फळ लवकर तोडले की ते कागदी लिंबाएवढेच भरते. रंग आणि आकार हवामानाप्रमाणे, तोडणीप्रमाणे बदलतात. ओळख पटवायची तर या दोहोंनी बदलत नाही ते पाहायला हवे.

ही फळे इतकी सारखी का, याचा उलगडा 2018 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने बराच केला. त्यात लिंबूवर्गीय फळांच्या 60 प्रकारांचे जनुकसंच तपासले होते. या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि युन्नानच्या टापूत असावे, असे त्यातून पुढे आले. मूळ जाती मोजक्याच. बाकीचा बाजार त्यांच्या संकरांचा. कागदी लिंबू हे महाळुंग आणि फिलिपिन्सकडच्या एका रानटी लिंबाचे अपत्य. लेमन हे महाळुंग आणि आंबट नारिंगाचे, आणि ते नारिंग स्वतः पपनस व संत्रावर्गाच्या संकरातून आलेले. रंगपूर आणि जंबेरी या दोन लिंबांच्या मागे एका बाजूला संत्रावर्ग, दुसऱ्या बाजूला पुन्हा महाळुंगच. सारखेपणा बराचसा या महाळुंगाचा, आणि वेगळेपणाच्या खुणा बहुधा दुसऱ्या पालकाकडून आलेल्या.

त्या खुणा पानात आणि कापलेल्या फळात सापडतात. पान देठासकट तोडून उजेडात धरावे. कागदी लिंबाच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंख असतात आणि पाते देठाला जुळते तिथे स्पष्ट सांधा दिसतो. लेमनमध्ये सांधा असतो, पण पंख जवळजवळ नसतात. महाळुंगात दोन्ही नाहीत. कागदी लिंबाची कळी पांढरी, तर लेमन, जंबेरी आणि रंगपूर यांच्या कळीवर जांभळी झाक असते. फळ आडवे कापावे. कागदी लिंबाची साल नावाला जागणारी, गराला घट्ट चिकटलेली, आणि बी फोडली तर आत पांढरी. रंगपूरचे फळ मात्र दिसायला थेट छोटे संत्रे: नारिंगी, सुटी साल, मधोमध पोकळी, बी आतून हिरवट. चाखले की डोळे मिटतात. आकाराने मोठे आणि एकही बी नसलेले हिरवे फळ निघाले तर ते ताहिती लिंबू असण्याची शक्यता मोठी. नर्सरीत कुंडीत मिळणाऱ्या दोन शोभेच्या झाडांचाही घोळ होतो. लांबट फळ सालीसकट खाल्ल्यावर साल गोड लागली तर ते कमक्वाट. गोल, आंबट आणि सहज सोलले जाणारे ते कॅलामांसी.

यावर वनस्पतिशास्त्र जाणणारा विचारेल, की सगळेच संकर असतील तर अशा खुणांना अर्थ काय? शंका रास्त आहे. लिंबूवर्गाचे वर्गीकरण करताना वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यांनी 16 जाती मानल्या, तनाका यांनी 160 च्या आसपास. पण जातीच्या सीमा पुसट असल्या म्हणून प्रकार पुसट होत नाहीत. कागदी लिंबाची एक बी पेरली तर पुष्कळदा तिच्यातून दोन-तीन रोपे उगवतात, आणि त्यांतली बहुतेक परागाशी संबंध न येता आईच्या पेशींपासूनच तयार झालेली असतात. म्हणजे बियांतूनही आईचीच नक्कल पुढे जाते, आणि एकदा झालेला संकर शतकानुशतके जसाच्या तसा राहतो. एकच खूण मात्र पुरत नाही. रंगपूर आणि जंबेरी एकाच घरची असूनही एक नारिंगी, दुसरे पिवळे नि खडबडीत. पान, कळी, साल आणि बी यांची साक्ष एकत्रच घ्यावी लागते.

‘पिळायचेच तर आहे, एवढी चौकशी कशाला?’ हा दुसरा आक्षेप सरबतापुरता मान्य. पण विदर्भातला संत्र्याचा डोळा बहुतेक जंबेरी किंवा रंगपूरच्या खुंटावर भरलेला असतो. मुळे कुजवणाऱ्या आणि खोडाला डिंक आणणाऱ्या फायटोफ्थोराला जंबेरी लवकर बळी पडते. रंगपूर त्यामानाने तग धरते, पाण्याचा ताणही सोसते. गुडघ्याएवढ्या रोपांत हे दोन खुंट ओळखणे नवख्याला अवघड, तिथे बी कोणत्या झाडाच्या फळातले होते हेच विचारावे लागते. पुढे बागेत डोळा मेला आणि जोडाच्या खालून फुटलेला कोंब वाढत राहिला, तर काही वर्षांनी संत्र्याच्या रांगेतले एक झाड आंबट फळे देऊ लागते. फळ नारिंगी, सुट्या सालीचे असेल तर तो रंगपूरचा खुंट; पिवळे, जाड, खडबडीत सालीचे असेल तर जंबेरी. जोडाखालचे कोंब कोवळे असतानाच काढून टाकले तर ही वेळ येत नाही.