नोकरीवरून काढलं तर कोर्ट नेमकं काय बघतं?



आपल्या घरातली बरीच मुलं आता होडीवर न जाता कारखान्यात, बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीत कामाला आहेत. एखाद्याला कामावरून काढलं की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. "कोर्टात खेचूया", नाहीतर "कोर्टात जाऊन काय होणार, मालकाचंच चालतं". दोन्ही अर्धवट आहेत. म्हणून खऱ्या खटल्यांवरून सांगतो.

अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्स कंपनीत १९७३ च्या सुरुवातीला संप झाला. कंपनीने ८५३ कामगारांना एकदम कमी केलं. काही जण परत कामावर लागले, बाकीच्यांचा वाद लवादाकडे गेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या पंचाकडे. पंचाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. कामगार गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि निकाल फिरला. पुढे १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांची बाजू धरली. तीनपैकी दोन न्यायाधीश एका मताचे होते.

त्यातून तीन गोष्टी पक्क्या झाल्या:

१) पत्रात नुसतं "सेवा समाप्त" लिहिलं म्हणून भागत नाही. ती खरं तर शिक्षा आहे का, हे कोर्ट बघतं.
२) संपात होता एवढं पुरत नाही. कोणी काय केलं हे प्रत्येकाचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं.
३) पंचाने कायदा चुकीचा लावला तर उच्च न्यायालय त्यात हात घालू शकतं.

पण उच्च न्यायालय म्हणजे अपील नव्हे. ते मासळी पुन्हा तोलत बसत नाही, तराजू सरळ होता का एवढं बघतं. आरोप लेखी दिला का? उत्तराला वेळ दिला का? साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू दिले का? पुरावा काहीच नसताना दोषी ठरवलं का?

दुसरा खटला १९९३ चा, यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून, कंपनीच्या नियमाप्रमाणे, चौकशी न करताच नाव कमी केलं. कामगार म्हणत होता, मला गेटवरच अडवलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात लिहिलं नसलं तरी त्याचं म्हणणं ऐकायलाच हवं होतं. त्याला अर्ध्या मागील पगारासह कामावर परत घ्यायला लावलं.

मात्र एक लक्षात ठेवा. चौकशी सदोष निघाली म्हणजे आपण जिंकलोच असं नाही. १९७३ च्या फायरस्टोन खटल्यापासून ठरलेलं आहे की मालक कामगार न्यायालयात नव्याने पुरावा देऊ शकतो.

तेव्हा पत्र आलं तर काय करायचं?

• आरोपपत्र नाकारू नका. घ्या, तारीख घाला, मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या.
• चौकशीला हजर राहा. रागाने उठून गेलात तर "संधी दिली होती" असं मालक म्हणणार.
• न वाचता सही नको. कोरा राजीनामा तर मुळीच नको.
• उशीर नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. पूर्वी तीन वर्षं मिळत होती, आता दोनच वर्षांत दाद मागावी लागते.

होडीमालकांनाही सांगणं आहे. जाळं फाटलं, डिझेल कमी भरलं म्हणून खलाशाला धक्क्यावरच "उद्यापासून येऊ नको" म्हणू नका. काय चुकलं ते त्याला सांगा, त्याचं ऐका, हिशेब लिहून पुरता द्या. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी दर्यावर एकमेकांच्या भरवशावरच जायचं असतं.

कोणाच्या घरी असं पत्र आलं असेल तर सगळे कागद घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. आम्ही वाचून समजावून देऊ. वकील लागला तर तो वेळेत गाठता येईल.