मिलाग्रिसच्या टेकडीवरचं घर

जुन्या गोव्यात आलेली माणसं बॉम जेझूसची बासिलिका बघतात, सी कॅथेड्रल बघतात आणि पणजीची वाट धरतात. होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स, म्हणजे मिलाग्रिसच्या चर्चचे टेकडीवरचे भग्नावशेष बघायला फारसं कुणी जात नाही. १६१९ साली या टेकडीवरच्या क्रुसावर ख्रिस्ताचं दर्शन झाल्याची वार्ता पसरली आणि तिथे चर्च उभं राहिलं. तो क्रूस आता सी कॅथेड्रलमध्ये आहे. या चर्चच्या आश्रयाने १६८२च्या सुमारास काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहू लागले. एतद्देशीय धर्मगुरूंनी स्वतःच्या हिमतीवर उभारलेला हा आपल्याकडचा पहिला टिकाऊ संघ. तरुण माणसं व्रतस्थ जीवनाकडे का वळतात, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा या टेकडीशी येऊन थांबतो.

देवाचं पाचारण एकट्याला, एकांतात ऐकू येतं असं आपण सहसा धरून चालतो. संतचरित्रंही तशीच लिहिलेली असतात: आजारपण, एखादं स्वप्न, रात्रीची प्रार्थना आणि मग निर्णय. इतिहास मात्र बहुतेक वेळा एखाद्या खोलीत किंवा एखाद्या पंगतीत सापडतो. १५२९ साली पॅरिसच्या सेंट बार्ब कॉलेजात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर एका खोलीत राहत होते. तिथे वयाने बराच मोठा असलेला इग्नेशियस लोयोला राहायला आला. फेबरने त्याला अभ्यासात मदत करावी, त्याने फेबरच्या मनातल्या शंका ऐकून घ्याव्यात, असं चाललं होतं. झेवियर बरीच वर्षं दाद देत नव्हता. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली आणि त्यातून पुढे येशूसंघ जन्मला. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरला. त्याच्या गोव्यापर्यंतच्या प्रवासाची सुरुवात त्या वसतिगृहातल्या खोलीत झाली होती.

सहवास ओढ लावतो, पण दार उघडेलच याची हमी देत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या वसईचं आहे. गोन्सालो गार्सिया १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मला आणि तिथल्या येशूसंघीयांच्या शाळेत वाढला. कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर तो जपानला गेला, जपानी भाषा शिकला आणि कितीतरी वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात घेतील ही आशा मात्र फळाला आली नाही. शेवटी तो व्यापारात शिरला आणि त्यात त्याचं बस्तानही बसलं. पैसा होता, ओळखी होत्या. तरी मनिलात फ्रान्सिस्कन बंधूंची संगत लागल्यावर सगळं सोडून तो त्यांच्यात साधा बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. किशोरवयात ज्या राहणीची गोडी लागली, ती व्यापारातल्या यशानेही पुसली गेली नाही.

गोन्सालोला जे दार बंद होतं, ते पुढच्या शतकातही किलकिलं झालं नाही. येशूसंघाने १५७५ साली कोल्लमच्या पेरो लुईशला घेतलं खरं, पण तो अपवादच राहिला. गोमंतकीय तरुण सेमिनरीत शिकून पाद्री होत, पण फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा युरोपीय संघांच्या मठांत त्यांना प्रवेश नसे. दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रूला तर पौरोहित्याची दीक्षा घ्यायलाही रोमपर्यंत जावं लागलं. १६३७ साली तो बिशप झाला. परतल्यावर पोर्तुगीज हद्दीबाहेर, विजापूरच्या मुलखातल्या डिचोलीत त्याने स्थानिक पाद्र्यांचा एकत्र निवास उभारून पाहिला, पण तो प्रयत्न टिकला नाही.

मिलाग्रिसच्या टेकडीवरच्या पाद्र्यांनाही ही सगळी पार्श्वभूमी होती. पास्कोआल द कॉश्ता जेरेमियश आणि त्यांच्या सोबत्यांनी एक घर धरलं, एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण सुरू केलं. त्यांच्याजवळ संघाची मान्यता नव्हती आणि लिखित नियमही नव्हते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी जोसेफ वाझ त्यांच्यात सामील झाले. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले, सांकवाळच्या घरातले वाझ तेव्हा चौतीस वर्षांचे होते. कानडा मुलखात, मंगळूर-कुंदापूरकडे, काही वर्षं मिशनचं काम करून ते परतले होते. धर्मगुरू तर ते होतेच. हवे होते ते सोबती. लवकरच ते या घराचे प्रमुख झाले आणि संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीची घडी त्यांनी इथे बसवली.

ऑरेटरीचीच निवड का झाली, याचा विचार करण्यासारखा आहे. १५७५ साली रोममध्ये मान्यता मिळालेल्या या पद्धतीत सदस्य व्रतांच्या शपथा घेत नाहीत. ते एका छपराखाली राहतात, एका टेबलाशी जेवतात आणि केवळ परस्परांवरच्या प्रेमाने बांधलेले असतात. प्रत्येक घर स्वतंत्र असतं, दूरच्या एखाद्या वरिष्ठाच्या हुकमावर चालत नाही. जेवताना एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. मग कुणीतरी बायबलमधला किंवा नीतिशास्त्रातला एखादा पेच मांडतो आणि पंगतीतल्या प्रत्येकाने आपलं मत द्यायचं असतं, नवख्यानेही. ज्यांना गोव्याच्या चर्चमध्ये दुय्यम जागा मिळत आली, त्यांना या पंगतीत बरोबरीचं स्थान मिळत होतं. त्या घरात माणसं का येत राहिली, हे मला या एका प्रथेवरून जास्त चांगलं समजतं.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी. ही बरोबरी सगळ्यांसाठी नव्हती. मिलाग्रिसचं घर ब्राह्मणकुळातल्या पाद्र्यांचं होतं; धर्म बदलला तरी जात उंबऱ्यापर्यंत सोबत आली. चार्डो समाजातल्या पाद्र्यांनी पुढे चिंबलला कार्मेल परंपरेतलं आपलं वेगळं घर केलं. युरोपीयांनी नाकारलेल्यांनी आपल्याच भावांना बाहेर ठेवावं, ही वेदना या इतिहासातून वगळता येत नाही. जे घर आतल्यांना आधार देतं, त्याच घराची भिंत बाहेरच्यांना अडवते. सामुदायिक जीवनाचे गोडवे गाणाऱ्याने हेही बोललं पाहिजे.

आधार किती मोठा होता, ते श्रीलंकेत दिसतं. डचांनी तिथला कॅथॉलिक धर्म बंद पाडला होता, धर्मगुरू हाकलले होते. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या घरच्या सेवकाला बरोबर घेऊन तुतिकोरीनमार्गे जाफन्याला पोचले आणि पोचताच आजारी पडले. १६९२ साली कँडीला गेल्यावर पोर्तुगीज हेर समजून राजाने त्यांना कैदेत टाकलं. वर्षानुवर्षं ते त्या बेटावर एकटे धर्मगुरू होते. मग मिलाग्रिसच्या घरातून माणसं येऊ लागली. जोसेफ मेनेझिस आले, वाझ यांचा भाचा जोसेफ कार्व्हालो आला. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले, रुग्णांना रानात टाकून गेले. वाझ आणि कार्व्हालो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या बांधल्या, त्यांना अन्नपाणी दिलं, जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. अशी वार्ता गोव्याच्या घरात पोचल्यावर तिथल्या तरुणांना आपलं आयुष्य कशासाठी खर्च करायचं हे कुणी वेगळं शिकवायची गरज उरत नसावी, असं मला वाटतं. दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस १७०५ साली गेले आणि त्यांनी सिंहली नि तमिळमध्ये ग्रंथरचना केली. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले, पण गोव्याहून माणसं जातच राहिली. सव्वाशेहून अधिक वर्षं श्रीलंकेचं चर्च या एका घराने जगवलं. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संत घोषित केलं.

हा झरा आटला तो सरकारी हुकमाने. १८३४ साली पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. मिलाग्रिसचं घरही गेलं. त्याच जुन्या गोव्यात १६०६ साली स्थापन झालेल्या सांता मोनिका मठातल्या भगिनींना राहू दिलं, पण नव्या मुली घ्यायला बंदी केली. वडीलधाऱ्या भगिनी एकेक करून गेल्या. त्या प्रचंड वास्तूतली शेवटची भगिनी १८८५ साली वारली. श्रद्धा गोव्यातून गेली नव्हती, घराघरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरी, चालूच होता. तरुणांनी येऊन राहून पाहावं अशी जागा तेवढी उरली नव्हती.

म्हणूनच पिलारची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८८७ साली फादर बेंतू मार्तिन्स यांनी आगोंदला एक मिशनरी मंडळ काढलं आणि तीन वर्षांनी ते पिलारच्या रिकाम्या पडलेल्या कपुचिन मठात आलं. हणजूणचे फादर आग्नेल याच मंडळातले. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी राशोल सेमिनरीत विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून काढली आणि १९२७ साली ते तिथेच वारले. तोवर मंडळाला उतरती कळा लागली होती. पुढे तर ते जवळजवळ विझलं. १९३९ साली काही तरुण पाद्र्यांनी एकत्र येऊन ते पुन्हा पेटवलं. ते एकेकटे न येता गटाने आले, हे मला विशेष वाटतं. वांद्र्याच्या आणि वाशीच्या फादर आग्नेल संस्थांमधून शिकलेल्या हजारो मराठी मुलांपर्यंत त्या पुनर्जन्माची फळं पोचली आहेत.

वसईत आज जुन्या वाड्या तुटून इमारती उभ्या राहत आहेत आणि घरात एक-दोनच मुलं असतात. पूर्वी आळीत रोझरी एकत्र म्हटली जाई. शेजारच्या घरातला मुलगा फादर झाला की पहिल्या मिस्साचा मांडव सगळ्या गावाचा असे आणि मांडवात वाढणाऱ्या पोरांना तो फादर आपल्यातलाच कुणी वाटे. संघात येणाऱ्या मुलामुलींच्या तुटवड्याबद्दल धर्मसंघ बोलतात, व्होकेशन कॅम्प भरवतात, पत्रकं वाटतात. त्यापेक्षा त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचं दार उघडावं. मुलामुलींना आठवडाभर राहायला बोलवावं, भाजी निवडायला बसवावं, म्हाताऱ्या फादरांची औषधं द्यायला सांगावं, घरातली भांडणं आणि त्यानंतरची क्षमाही बघू द्यावी. रिकामं झालेलं घर असं पुन्हा भरू शकतं: सांता मोनिकाच्या त्या रिकाम्या मठात १९६४पासून माटेर देई संस्था आहे. निरनिराळ्या संघांच्या सिस्टर्स तिथे एकत्र राहून ईशज्ञान शिकतात.